आतली कडी

ऑफिसच्या काचेच्या दारावर पांढऱ्या अक्षरांत एक वाक्य रंगवलं होतं: ‘आम्हालाही उघडता येत नाही.’ पहिल्यांदा येणारा माणूस ते वाचून हमखास थबकायचा, भीत भीत मूठ ओढायचा, आणि दार मुकाट्यानं उघडलं की आतले सगळे हसायचे. वाक्य दाराविषयी नव्हतंच. ही कंपनी लोकांचे पासवर्ड सांभाळायची आणि ते वाक्य त्या पासवर्डांच्या तिजोऱ्यांविषयी होतं.

वाक्य कुलूपवालीचं होतं. कंपनी सुरू झाली तेव्हा तिजोरीचं कुलूप तिनं रचलं म्हणून हे नाव पडलं, आणि मग चिकटलं ते चिकटलंच. तिची रचना सरळ होती. गिऱ्हाइकानं आपले सगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवायचे आणि तिला एकच मुख्य पासवर्ड लावायचा. कुलूप लागायचं ते गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या फोनवर. कंपनीकडे येऊन पडायचं ते बंद गाठोडं. किल्ली इकडे येतच नसे, त्यामुळे ती कुणी इथून चोरण्याचा प्रश्न नव्हता आणि कुणी दटावून मागितली तरी देण्याचीही सोय नव्हती. मुख्य पासवर्ड विसरलात तर मात्र संपलं. हेही ती आधीच सांगायची, औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं तितक्या कोरडेपणानं.

कंपनी काढली होती दादानं. त्याला साहेब म्हटलेलं खपत नसे. आपण कंपनी नाही, घर आहोत, असं तो सारखं म्हणायचा आणि सगळ्यांकडून अरे-तुरे करून घ्यायचा. फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणारी बाई त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी होती, पण तीही त्याला दादाच म्हणायची. तिच्या आवाजामुळे तिला मधाळ नाव पडलं होतं. भांडायला फोन केलेला माणूस तिच्याशी बोलून झाल्यावर आभार मानायचा. दादाची बायको सगळ्यांची वहिनी. आणि कुलूपवालीच्या थोरल्या बहिणीचा नवरा सगळ्यांचा भावजी. पहिल्या दिवसांत, ऑफिसात धड खुर्च्या नव्हत्या तेव्हा, भावजीनं येऊन वायरी ओढून दिल्या होत्या, डगमगणारी टेबलं ठाकठीक केली होती, विनोद सांगून सगळ्यांना लोळवलं होतं. तो आला की दादा उठून उभा राहायचा.

त्या सोमवारी सकाळी कुलूपवाली जागेवर बसते न बसते तोच तिचा फोन वाजला. नंबर हॉस्पिटलचा होता. तिची ताई, भावजीची बायको, तिथे फिजिओथेरपिस्ट होती. पण ती स्वतःच्या फोनवरून का करत नाही, हा विचार डोक्यात येईपर्यंत पलीकडून आवाज आला. ताईनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

“तू म्हणाली होतीस, तुलाही उघडता येत नाही.”

मग ताईनं जे घडलं ते सांगितलं. पेशंटला व्यायाम समजावून सांगतात तसं, एकापुढे एक, आवाज न चढवता. ती घर सोडणार होती. कुणाला कळू न देता शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेतली होती. खोलीच्या दाराला आकडे दाबायचं कुलूप होतं, आणि खोलीचा पत्ता नि ते आकडे तिनं एकाच ठिकाणी ठेवले होते, धाकट्या बहिणीच्या तिजोरीत. काल दुपारी ती एक बॅग घेऊन तिथे गेली. आकडे दाबायच्या आधीच दार आतून उघडलं. भावजी उभा होता. त्यानं दिवे लावले होते, खिडकी पुसून घेतली होती. म्हणाला, ये, उशीर केलास. मग तिची बॅग स्वतः उचलून तिला घरी घेऊन आला. वाटेत रेडिओवरच्या गाण्याबरोबर गुणगुणत होता. तिचा फोन आता त्याच्या खिशात होता.

भावजीनं ताईवर कधी हात उगारला नव्हता. सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही नव्हतंच, हीच त्याची हुशारी. त्यानं फक्त घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या होत्या. झोपायच्या खोलीची, मग न्हाणीघराची. घरच्यांना कशाला हव्यात कड्या, असं म्हणून त्यानं स्क्रूच्या भोकांत पुट्टी भरून त्यावर सुबक रंगही मारला होता. ती अंघोळीला गेली की तो दार ढकलून टॉवेल हवा का म्हणून विचारायचा. हे सगळं ऐकल्यावर कुलूपवालीनं दोन वर्षांपूर्वी ताईला आपली तिजोरी दिली होती आणि म्हटलं होतं, ही एक कडी तरी तुझी.

आता एकच गोष्ट वाचली होती. दूरच्या एका गावातल्या हॉस्पिटलनं ताईला नोकरी आणि राहायला खोली देऊ केली होती. नक्की कळवणारी मेल आजच यायची होती. गाव कुठलं, हे अजून त्याला माहीत नव्हतं. जुन्या मेल ताईनं वाचल्याबरोबर पुसल्या होत्या. आज सकाळी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरून तिनं मेलचा पासवर्ड बदलून तिजोरीत ठेवला होता, तिजोरीचा मुख्य पासवर्डही बदलला होता.

“मला एवढंच सांग,” ताई म्हणाली, “नवीन पासवर्ड तरी टिकेल, की तोही उघडतो?”

कुलूपवालीला या प्रश्नाचं उत्तर झोपेतही देता आलं असतं. आज तिनं थोडा वेळ मागितला. पलीकडे कुणीतरी ताईला हाक मारली, पेशंट आला होता, आणि फोन बंद झाला. तिनं उलट फोन लावला तेव्हा वॉर्डातून सांगण्यात आलं की त्या दुपारीच मोकळ्या होतील.

प्रयोगशाळेत काही फुटलं की आधी कुणी हलायचं नाही, आधी पाहायचं, ही सवय तिला कॉलेजपासून होती. भावजीनं पासवर्ड ओळखला असेल? ताईनं तो कुठे लिहिला नव्हता, आणि तो ओळखण्याजोगाही नव्हता. मग गाठोडंच वेगळं निघालं पाहिजे. तिनं ताईची तिजोरी काढली. आत पाहता येत नव्हतं, पण बाहेरून मोजता येत होतं. गाठोडं असायला हवं त्याहून किंचित लांब होतं. तिनं दुसऱ्या एका अनोळखी गिऱ्हाइकाचं काढलं. तेही तितकंच लांब. तिसरं, चौथं, कुठलंही घ्या. प्रत्येक तिजोरीला कुणीतरी एक सारख्याच आकाराची शेपटी जोडली होती. त्या शेपटीत काय असणार हे तिला न उघडता कळलं. तिच्या कुलपाची दुसरी किल्ली, कुठल्यातरी एकाच मोठ्या किल्लीनं बाहेर काढता येणारी.

उन्हाळ्यात पाय मोडून ती दीड महिना घरी होती. त्या काळात तिच्या कामात दादानं स्वतः लक्ष घातलं होतं आणि सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. कंपनीत नियम होता की एकानं केलेला बदल दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढे जाणार नाही. पण दादाचं काम कोण तपासणार? थोरल्यानं आणलेल्या पिशवीत धाकटी हात घालत नाहीत. पोरांनी न वाचताच ‘पाहिलं’ म्हणून टाकलं होतं.

ती उठून मधाळच्या टेबलापाशी गेली. काल रविवारच्या पाळीत भावजींचा फोन आला होता का, एवढंच विचारलं. मधाळनं काही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. भावजी किती काळजीत होते, तापात ताईंना पासवर्ड आठवत नव्हता, हॉस्पिटलचे कागद तिजोरीत अडकले होते. तिनं रीतसर दादाला विचारलं होतं. दादा म्हणाला, अगं भावजी आहेत, दे उघडून. तिच्या स्क्रीनवर दादानं त्यासाठी एक खिडकीच करून दिली होती.

“ताईंचा ताप उतरला का गं?” मधाळनं विचारलं.

“ताईला ताप नव्हता,” कुलूपवाली म्हणाली आणि काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. बंद खोलीचं दार आतून उघडलं, हे ऐकताना मधाळच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. तिनं हातातला कप खाली ठेवला आणि तो पुन्हा उचललाच नाही.

कुलूपवालीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती दादाच्या खोलीत. तोवर तिला धास्ती होती; राग तिथे आला. दादानं काही नाकारलं असतं, कानावर हात ठेवले असते, तर ती इतकी पेटली नसती. त्यानं तिला बसायला सांगितलं, पाणी पुढे केलं आणि समजूत घालायला सुरुवात केली. लोक विसरतात, रोज विसरतात. परवा एक म्हातारा फोनवर रडला, मेलेल्या बायकोचे फोटो अडकले म्हणून. अशा माणसाला वाऱ्यावर सोडायचं का? ती मोठी किल्ली काही चव्हाट्यावर नाही, एक प्रत मधाळच्या मशीनवर, एक त्याच्या स्वतःकडे. त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून दाखवला. घराची किल्ली, स्कूटरची किल्ली आणि त्यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढा एक पेनड्राइव्ह. लाखो माणसांच्या तिजोऱ्या स्कूटरच्या किल्लीला घासत होत्या.

ताईचं सांगितल्यावर त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं, ते दिसत होतं. पण पाठोपाठ तो म्हणाला की नवरा-बायकोचं आहे, मिटेल, भावजी मनाचा वाईट नाही. आपण घरच्या माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?

“किल्ली ठेवायची होती तर दारावरचं वाक्य पुसायचं होतंस,” ती म्हणाली.

“असं कसं?” दादा चकित झाला. “ते वाक्य वाचूनच तर लोक येतात.”

ती उठली. पाण्याचा ग्लास तसाच राहिला. काचेच्या दारावरची अक्षरं तिला आतून उलटी दिसत होती, आणि एकेक अक्षर नखानं खरवडून काढावं असं तिला वाटलं. तिच्या वाक्यावर विसंबून माणसं आपली दारं, आपल्या चिठ्ठ्या, आपली पळून जायची वाट इथे आणून ठेवत होती. तिनं ते वाक्य ताईला सांगितलं होतं. कुणी स्वतःचं खोटं बोललं असतं तर गोष्ट वेगळी. यानं तिच्या खऱ्याचं खोटं केलं होतं.

सोमवारी दुपारच्या आधी सगळे मोठ्या खोलीत उभ्यानं जमायचे आणि ज्यानं त्यानं आठवड्याचं काम सांगायचं, अशी पद्धत होती. दादा हसतमुखानं आला. कुलूपवालीची पाळी आली तेव्हा ती मधाळच्या खुर्चीत बसली आणि तिनं मधाळची स्क्रीन समोरच्या भिंतीवर लावली. दादानं केलेली ती छोटी खिडकी सगळ्यांना दिसली. तिनं त्यात एक नाव टाकलं. दादाचं.

“समजा,” ती म्हणाली, “आत्ता वहिनींचा फोन आला. दादाला ताप आहे, पासवर्ड आठवत नाही. वहिनी घरच्याच. उघडायची ना?”

कुणीतरी हसलं आणि एकटं पडलं. खिडकीत ‘उघडा’ असा हिरवा चौकोन होता. कुलूपवालीचं बोट त्यावर टेकलेलं होतं.

“ए, हात काढ,” दादा म्हणाला.

“का?”

“हात काढ आधी. ही काय थट्टा आहे?”

“वहिनी मनाच्या वाईट नाहीत.”

“माझं खासगी आहे त्यात.” त्याचा आवाज चिरकला. दादाला असा आवाज आहे हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. “सगळंच काही बायकोला दाखवायचं नसतं.”

ज्यांना अजून काही कळलं नव्हतं त्यांना त्या वाक्यानं कळलं. आणि नेमका तेव्हा मधाळच्या टेबलावरचा फोन वाजला. ती वाकून नंबर पाहत होती तोच तिचे ओठ घट्ट मिटले. तिनं फोन उचलला नाही. तिनं स्पीकरचं बटण दाबलं.

“मधाळताई, नमस्कार,” भावजीचा प्रसन्न आवाज खोलीभर पसरला. “परत त्रास देतोय. आमच्या हिनं पासवर्ड पुन्हा बदलला आणि पुन्हा विसरली. डोकं ठिकाणावर नाही हो तिचं. कालच्यासारखं जरा बघता का?”

खोलीतल्या प्रत्येकानं या आवाजाचे विनोद ऐकले होते. कुलूपवालीचं बोट अजून हिरव्या चौकोनापाशीच होतं. फोन हिसकून त्यात ओरडावं, अशी अनावर इच्छा तिला झाली. ओरडून काय झालं असतं? ताई कुणाकडे बोलली याचा हिशेब त्यानं घरी जाऊन ताईकडूनच घेतला असता. तिनं दात आवळले आणि मधाळकडे पाहिलं.

मधाळनं दादाकडे पाहिलं. दादा खाली पाहत होता.

“नाही जमणार, भावजी,” मधाळ म्हणाली. आवाज तोच होता, पण आज त्यात गोडीचा थेंब नव्हता. “आम्हालाही उघडता येत नाही.”

“अहो, काल तर—”

“दारावर लिहिलंय तसं.” तिनं फोन ठेवला. मग कुलूपवालीला म्हणाली, “मी खोटं बोलले ते खरं करून टाक बाई, लवकर.”

कुलूपवालीनं मधाळच्या मशीनवरची किल्ली पुसली, तिच्या जागी निरर्थक आकडे लिहिले, आणि तेही पुसले. त्याला फार वेळ लागला नाही. मग तिनं दादापुढे हात पसरला. दादा पुष्कळ बोलला. यानं कंपनी बुडेल, विसरलेली माणसं कायमची बुडतील, तो म्हातारा बुडेल. त्यातलं म्हाताऱ्याचं खरं होतं आणि ते तिला माहीत होतं. म्हणूनच ती प्रत्येकाला आधी सांगायची. तिनं हात मागे घेतला नाही. घरातली सगळी माणसं बघत होती, आणि घर म्हणवून घेतलेल्या माणसाला घराच्या नजरेपुढून पळता येईना. त्यानं जुडगा काढला. कडीतून पेनड्राइव्ह निघेना. त्याचं नख मुडपलं. कुणी मदतीला पुढे झालं नाही.

तिनं स्क्रूड्रायव्हरनं त्याचं कवच उचकटलं, आतली काळी चिप पक्कडीत धरली आणि मोडली. नखं कापताना होतो तेवढा आवाज झाला.

मग तिनं सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप लिहिला. आम्ही म्हणत होतो की आम्हाला उघडता येत नाही. उन्हाळ्यापासून येत होतं. काल आम्ही उघडलंही, आणि ज्याच्यासाठी उघडलं त्याच्यासाठी उघडायला नको होतं. आजपासून येत नाही. ज्यांना आमच्यावर विश्वास ठेवायचा नाही त्यांचं बरोबर आहे. तो पाठवल्यावर दादा म्हणाला की उद्यापासून येऊ नकोस. ती म्हणाली की मी जातेय हेही निरोपात लिहायचं विसरले. जाता जाता तिनं दारावरचं वाक्य नखानं खरवडून पाहिलं. निघेना. रंग चांगल्या प्रतीचा वापरला होता.

दुपारी तिनं ताईला हॉस्पिटलच्या मागच्या दारानं आपल्या घरी आणलं. मेल आली होती. ती वाचून, पुसून ताई न्हाणीघरात गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग निघाल्याचा. मग पुन्हा लागल्याचा. कुलूपवाली बाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं होतं की आता तरी राग उतरेल. तो त्या कडीच्या प्रत्येक आवाजाबरोबर वर चढत होता.

बाहेर आल्यावर ताईचे केस ओले होते. कालपासून पहिल्यांदा तिनं बहिणीच्या डोळ्यांत पाहिलं. म्हणाली, तुझ्यावर रागवायचं होतं, पण तू आधीच इतकी रागावलेली आहेस की मला जागाच उरली नाही. दोघी थोडंसं हसल्या. मग ताई गावाचं नाव सांगू लागली, आणि कुलूपवालीनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

“सांगू नकोस.”

“तुलाही नको?”

“मलाही नको. तो आधी माझ्याकडेच येईल.”

बसस्थानकावर गर्दी बेताची होती. ताईनं तिकीट स्वतः काढलं, फलाट स्वतः शोधला. कुलूपवाली आपले कपडे भरलेली बॅग घेऊन काही अंतरावर थांबली आणि ताईनं येऊन बॅग घेतल्यावर बसगाड्यांकडे पाठ करून उभी राहिली. समोर पाण्याच्या नळाची भिंत होती. फरशा पिवळ्या होत्या, एक तडकलेली. ताईनं मागून तिच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला. मग पावलं, दाराचा धप्प आवाज, इंजिन. एकामागून एक अशा तीन गाड्या सुटल्या. ताई कुठल्या गाडीत होती ते तिला कळलं नाही, आणि कळू नये म्हणून तिनं तिसरी गाडी गेल्यावरही मान वळवली नाही.

पर्समधला फोन वाजला. भावजी. दिवसभरात त्याचे कितीतरी फोन येऊन गेले होते आणि तिनं एकही उचलला नव्हता. हा उचलला.

“काय मेहुणीबाई,” तो म्हणाला, अजून हसत, “आमचं माणूस कुठे ठेवलंत?”

“मलाही सांगता येत नाही,” ती म्हणाली, आणि तो पुढे काय बोलतो ते ऐकायला फोन कानाला घट्ट धरून त्या पिवळ्या भिंतीसमोर उभी राहिली. त्याला आता कितीही वेळ विचारू दे.